कर कोणी भरावा? आधी तो कोण भरतोय ते पाहू

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कर दरवर्षी वाढतच चाललेत, पगारदार माणूस पिळून निघतोय, मोठ्या कंपन्या आणि अतिश्रीमंत अलगद सुटतात, मग सगळा बोजा त्यांच्यावरच का टाकत नाहीत? प्रश्नाच्या शेपटाला एक टोमणाही आहे: ‘तुमच्यासारखे करसल्लागारच त्यांना पळवाटा काढून देतात.’ टोमण्याकडे शेवटी येतो, तो टाळण्यासारखा नाही.

तीस वर्षं मी लोकांची करविवरणपत्रं भरतोय. एवढ्या काळात ‘माझा कर कमी आहे’ म्हणणारा एकही माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला नाही. मात्र चिडलेल्यांचे दोन प्रकार असतात हे लवकर लक्षात आलं. एकाचा कर खरोखर वाढलेला असतो. दुसऱ्याचा फारसा वाढलेला नसतो, पण आपल्याएवढंच कमावणारा आपल्यापेक्षा बराच कमी भरतो, हे त्याला कुठून तरी कळलेलं असतं. हा दुसरा जास्त संतापलेला असतो, आणि माझ्या मते त्याचंच म्हणणं जास्त खरं असतं.

वाढ ही कल्पना नाही. विकसित देशांत राष्ट्रीय उत्पन्नातला करांचा वाटा १९६५ मध्ये सरासरी सुमारे २५ टक्के होता, आता तो सुमारे ३४ टक्के आहे. निवृत्तिवेतन, आरोग्य, म्हाताऱ्यांची संख्या, जुन्या कर्जांवरचं व्याज ही त्याची कारणं. नर्स आणि शिक्षक यांचं काम यंत्रासारखं दरवर्षी वेगवान करता येत नाही, पण त्यांचे पगार बाकीच्यांबरोबर वाढवावेच लागतात. म्हणून सरकार ज्या गोष्टी पुरवतं त्या इतर वस्तूंपेक्षा सतत महाग होत जातात. उधळपट्टी थांबवली की कर निम्मे होतील, असं म्हणणाऱ्याने एकदा कुठल्याही देशाचा अर्थसंकल्प उघडून मोठे आकडे कुठे आहेत ते पाहावं. उधळपट्टी असते, पण मोठे आकडे तिथे नसतात.

आता पगारदाराच्या तक्रारीकडे. कर कापून उरलेला पगार हातात येण्याची पद्धत तशी अलीकडची. महायुद्धाचा खर्च भागवायला अमेरिकेने १९४३ मध्ये आणि ब्रिटनने १९४४ मध्ये ती सर्रास लागू केली. अमेरिकेत ही व्यवस्था बसवणाऱ्या तरुण मंडळींत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन होते. पुढे हेच गृहस्थ सरकारने कमीत कमी कर घ्यावा म्हणून जन्मभर भांडले, आणि हे यंत्र मोडता आलं तर बरं होईल असंही म्हणाले. ते काही मोडलं नाही, कारण कुठल्याही अर्थमंत्र्याला इतकं सोयीचं दुसरं काही नाही. पैसा हातात आल्यावर परत द्यायला माणसाला जड जातं. आलाच नाही तर तेवढं टोचत नाही.

याची दुसरी बाजू डेन्मार्कमधल्या एका मोठ्या प्रयोगात दिसली. चाळीस हजारांहून अधिक करदाते निवडून त्यांची तपासणी केली, आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक परस्पर सरकारला देते, त्यात लबाडी जवळपास शून्य. ज्या उत्पन्नाची माहिती फक्त स्वतः भरायची असते, त्यात लपवाछपवी भरपूर. माणसं तीच, देश तोच. म्हणजे पगारदार प्रामाणिक असतो याचं पुष्कळसं श्रेय त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या पगारपत्रकाला जातं. हे ऐकून पगारदार अशील नाराज होतात, पण त्यांची तक्रार यामुळे खोटी ठरत नाही, उलट पक्की होते. महसूल कमी पडला की ज्याचं सगळं उघड दिसतं त्याच्याकडेच हात जातो. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात ते हेच, फक्त इथला संन्यासी स्वखुशीने झालेला नसतो.

‘कंपन्यांकडून घ्या’ हे उत्तर ऐकायला फार छान वाटतं, आणि इथेच माझ्या धंद्यातली पहिली शिकवण आडवी येते. पावतीवर नाव कोणाचं आहे आणि पैसे कोणाच्या खिशातून गेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी म्हणजे कागद. कागद कर भरत नाही. भरतात ते भागधारक, नोकर किंवा गिऱ्हाईक, आणि कोणी किती भरायचं हे कायद्यात लिहून ठरत नाही. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्या अंगावर करभार येऊन पडतो. भांडवल रात्रीत देश बदलू शकतं. ज्याची मुलं शाळेत आहेत आणि घराचं कर्ज चालू आहे, त्या नोकराला गाव बदलता येत नाही.

याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं. १९९० साली तिथल्या कायदेमंडळाने श्रीमंतांच्या चैनीवर कर लावला आणि १९९१ पासून तो लागू झाला. एक लाख डॉलरपेक्षा महाग नौका घेतली, की वरच्या रकमेवर १० टक्के. कोणाला वाईट वाटणार? पण नौका घेणारा ती बाहेरदेशी घेऊ शकतो, जुनी वापरू शकतो, किंवा पैसे दुसऱ्या मौजेवर उडवू शकतो. नौका बांधणाऱ्या सुताराला आणि रंगाऱ्याला असा पर्याय नव्हता. मंदीही त्याच सुमारास आली, त्यामुळे सगळा दोष करावर टाकणं बरोबर नाही, पण बोटी बांधणारे कारखाने ओस पडू लागले आणि कामगारच कर काढा म्हणून मागणी करू लागले. १९९३ मध्ये तो मागे घेतला गेला. मोटारींवरचा तेवढा आणखी काही वर्षं राहिला.

उलट दिशेनेही हेच होतं. फ्रान्सने २००९ च्या जुलैत उपाहारगृहांवरचा मूल्यवर्धित कर (व्हॅट) १९.६ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. सगळी सवलत गिऱ्हाइकाला दिली असती तर बिल दहा टक्क्यांहून जास्त उतरायला हवं होतं. उतरलं ते जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. बाकीची रक्कम मुख्यतः मालकांकडे राहिली. म्हणून ‘अमुक वस्तूवरचा कर कमी करा, गरिबाला दिलासा मिळेल’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, दिलासा दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत पोहोचून तिथेच थांबणार नाही कशावरून?

सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचं तर नाटकच असतं. अमेरिकेत ती नोकर ६.२ टक्के आणि मालक ६.२ टक्के अशी निम्मी निम्मी वाटलेली आहे. नोकराला वाटतं, चला, अर्धा भार मालकाने उचलला. मालक नोकर ठेवताना सगळा खर्च एकत्रच मोजतो आणि देऊ केलेला पगार तेवढा कमी ठेवतो. बहुतेक अर्थतज्ज्ञांच्या मते मालकाच्या वाट्याचा मोठा भागही शेवटी नोकराच्याच पगारातून जातो.

याचा अर्थ कंपन्यांना सोडून द्यावं असा मी काढत नाही. नफा कागदोपत्री एखाद्या बेटावर नेऊन ठेवणं ही निव्वळ चलाखी आहे, त्यात कारखानाही हलत नाही आणि नोकरीही. म्हणून २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १३० हून जास्त देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर मान्य केला, ते पाऊल मला योग्य वाटतं. एकटा देश दर वाढवतो तेव्हा कंपनी शेजारी जाते. सगळ्यांनी मिळून खालची पातळी ठरवली की जायला जागा कमी उरते. त्यात अपवाद आणि सवलती घुसवण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालूच आहेत, ते चालायचेच.

अतिश्रीमंतांबद्दल मात्र लोकांचा राग मला जवळजवळ पूर्ण पटतो. अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २०११ मध्ये स्वतःच जाहीर केलं, की त्यांनी आदल्या वर्षी करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के कर भरला, आणि त्यांच्या कार्यालयातल्या इतर वीस जणांपैकी प्रत्येकाचं प्रमाण त्याहून जास्त होतं, सरासरी ३६ टक्के. त्यात बेकायदा काही नव्हतं. पगारावर एक दर, भांडवली नफ्यावर (म्हणजे मालमत्ता किंवा शेअर विकून झालेल्या नफ्यावर) दुसरा, हे मुख्य कारण. त्यातून भांडवली नफ्यावरचा कर मालमत्ता विकल्यावरच लागतो. विकायचीच नाही, तिच्या तारणावर कर्ज काढायचं आणि त्यावर ऐटीत जगायचं, हा मार्ग ज्यांच्याकडे मालमत्ता आहे त्यांनाच खुला असतो. कर्ज हे उत्पन्न नसतं, त्यामुळे त्यावर कर नाही. अमेरिकेत तर मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या हाती मालमत्ता येते तेव्हा तिची खरेदी किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते. म्हणजे आयुष्यभराचा वाढावा उत्पन्नकरातून कायमचा निसटतो.

मग संपत्तीवरच दरवर्षी कर का नको? हे करून पाहिलेलं आहे. विकसित देशांच्या गटात १९९० मध्ये १२ देशांत असा कर होता, २०१७ मध्ये चार उरले. स्वीडनने २००७ मध्ये तो काढला. कारण दर वेळी थोड्याफार फरकाने तेच होतं: चित्रांची, शेतजमिनीची, खाजगी कंपनीतल्या भागांची किंमत ठरवताना वर्षभर वाद, वादाला कंटाळून एकेका मालमत्तेला सूट, सूट मिळताच पैसा तिकडे वळणार, आणि सरतेशेवटी कर उरतो तो मध्यम श्रीमंतावर, ज्याचं घर आणि बँकेतली ठेव लपण्यासारखी नाही. स्वित्झर्लंडमध्ये तो व्यवस्थित चालतो, पण तिथे तो अब्जाधीशांसाठी राखलेला नाही, बऱ्यापैकी खाली सुरू होतो आणि दर छोटा असतो. अब्जाधीशांवर सगळ्या देशांनी मिळून दोन टक्क्यांचा किमान कर लावावा, अशी फ्रेंच अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांची मांडणी २०२४ मध्ये जी-२० पुढे आली होती. कल्पना मला आवडते, पण तिच्या भरवशावर घरातल्या कोणी निवृत्तीचं नियोजन करू नये.

आणि एक अप्रिय हिशेब. ज्या उत्तरेकडच्या देशांची उदाहरणं लोक हौसेने देतात, ते श्रीमंतांच्या जिवावर चालत नाहीत. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या तिन्ही ठिकाणी मूल्यवर्धित कराचा मुख्य दर २५ टक्के आहे आणि तो सगळ्यांना लागतो. उत्पन्नकरही मधल्या माणसाला चांगलाच जाणवतो. त्यांचा समतोल साधतो तो खर्चाच्या बाजूने: सगळ्यांकडून भरपूर घ्यायचं आणि शाळा, दवाखाना, पेन्शन या रूपाने खालच्याला जास्त परत द्यायचं. मूठभरांकडून सगळं घेऊन सर्वांना सगळं द्यायचं, असा देश निदान मला तरी माहीत नाही.

रागाचा खरा धनी कुठे आहे ते शोधायचं असेल, तर जाहीर झालेल्या करवाढीपेक्षा न जाहीर झालेल्या करवाढीकडे बघा. उत्पन्नाचे टप्पे गोठवणं ही सगळ्यात गुळगुळीत युक्ती. महागाईमुळे पगार वाढतो, खरेदीची ताकद तीच राहते, पण आकडा वरच्या टप्प्यात सरकतो. ब्रिटनमध्ये करमुक्त मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर खिळवून ठेवली आहे. कुठल्याही मंत्र्याला ‘मी दर वाढवला’ असं म्हणावं लागलं नाही आणि लाखो माणसं नव्याने कराच्या जाळ्यात आली. त्याच देशात एक लाख पौंडांच्या वर गेलं की ही करमुक्त मर्यादा हळूहळू काढून घेतात. परिणामी १,००,००० ते १,२५,१४० या पट्ट्यातल्या कमाईवर प्रत्यक्षात ६० टक्के कर बसतो, आणि त्याहून वर कमावणाऱ्याला पुढच्या पौंडावर ४५. हे कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. एका नियमावर दुसरा चढवला की अशा गाठी पडतात. अमेरिकेत १९८५ पासून टप्पे महागाईबरोबर आपोआप वर सरकतात. हे कायद्यात बसवणं सोपं आहे, खर्चिक मात्र आहे, म्हणून बरीच सरकारं ते टाळतात.

(पगार वाढला म्हणून हातात कमी आले, अशी तक्रार घेऊन दर वर्षी दोघे-तिघे येतात. टप्प्यांच्या पद्धतीत वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, त्यामुळे हे सहसा होत नाही. होतं ते एखादी सवलत किंवा अनुदान ठरावीक रेषेवर एकदम तुटत असेल तर. तेव्हा आधी ती रेषा शोधावी.)

जमीन आणि घर यांवरचा कर हा अर्थतज्ज्ञांचा लाडका आणि लोकांचा सगळ्यात नावडता. लाडका अशासाठी की जमीन पळून जात नाही. तिच्यावर कर लावला म्हणून ती कमी होत नाही, आणि शेजारी रस्ता झाला की मालकाने काही न करता तिचा भाव वाढतो. नावडता अशासाठी की घराचा भाव वाढला म्हणून निवृत्त माणसाच्या खिशात रोकड येत नाही. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये याच रागातून जनमत झालं आणि दोन तृतीयांशांच्या आसपास लोकांनी घरपट्टीला वेसण घातली: आकारणीच्या (म्हणजे करासाठी धरलेल्या घराच्या किमतीच्या) एक टक्क्यापेक्षा जास्त कर नाही, आणि घर विकलं जाईपर्यंत आकारणी वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. म्हाताऱ्यांची घरं वाचली हे खरं. पण पुढे एका नव्या घरमालकिणीने न्यायालयात दाखवून दिलं, की जुन्या शेजाऱ्यांच्या तशाच घरांपेक्षा आपण सुमारे पाचपट कर भरतो. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. आधी आलेला सुखी, मागून आलेला भुर्दंड भरतो. रोकड नसलेल्या वृद्धाचा प्रश्न यापेक्षा साधेपणाने सुटतो: कर साठू द्यावा आणि घर विकलं किंवा वारसाकडे गेलं की वसूल करावा. काही ठिकाणी हे चालूही आहे.

दुसऱ्या टोकाला डोईपट्टी. माणूस मोजायचा आणि सगळ्यांकडून सारखं घ्यायचं. हिशेबाला सोपी, पळवाट जवळजवळ नाही. इंग्लंडने १३७७ पासून चार वर्षांत तीनदा ती लावली, आणि १३८१ च्या उठावात लोकांनी खजिनदाराचं डोकं उडवलं. सहा शतकांनी पुन्हा तोच प्रयोग झाला. घराच्या मूल्यावरची पट्टी काढून १९८९ मध्ये स्कॉटलंडला आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्सला, एका पालिकेच्या हद्दीतल्या बहुतेक प्रौढांना सारखीच रक्कम लावली. ३१ मार्च १९९० ला ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, नोव्हेंबरात पंतप्रधान मार्गारेट थॅचर पायउतार झाल्या (कारणं इतरही होती), आणि १९९३ मध्ये घराच्या किमतीवर आधारलेली पट्टी परत आली. खजिनदार या वेळी वाचले.

दंगली करांच्या रकमेवरून क्वचितच होतात. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले ते इंधनावरच्या करावरून. त्याच वर्षी सरकारने सरसकट संपत्ती कर काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. गाडीशिवाय कामावर जाता न येणाऱ्याने या दोन बातम्या शेजारी शेजारी वाचल्या. डिसेंबरात ती करवाढ रद्द करावी लागली. केनियात २०२४ च्या जूनमध्ये पावापासून मोबाइलच्या व्यवहारांपर्यंत कर वाढवणारं विधेयक आलं. सरकारने पावावरचा कर वगळला, पण तोवर तरुणांचा विश्वास उडाला होता. २५ जूनला लोक संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली आणि राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करायचं नाकारलं.

तर कोणी भरावा? तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. आधी कमाईचा प्रकार बघणं बंद करावं: शंभर रुपये पगाराचे असोत, भाड्याचे असोत की शेअर विकून आलेले, त्यांवर कर सारखा. महागाईने फुगलेला भाग वगळायचा असेल तर जरूर वगळावा, पण दर वेगळा नको. एवढं झालं तर ‘अतिश्रीमंतांवर वेगळा कर’ या मागणीतला निम्मा जोर आपोआप उतरेल. वारशाने मोठी मालमत्ता मिळते तेव्हा त्यावर कर असावा, कारण ज्याला ती मिळते त्याने त्यासाठी काही केलेलं नसतं. यावर माझ्या घरातही एकमत नाही. जमिनीवरचा कर वाढवावा, श्रमावरचा उतरवावा. टप्पे महागाईला बांधावेत. आणि हो, मधल्यानेही भरावा, पण नंबर लागण्याआधी त्याला वरचे भरताना दिसले पाहिजेत. या क्रमात गफलत झाली की काय होतं ते वर आलंच आहे.

आता टोमणा. खरा आहे. कायदा मोडायला मी मदत करत नाही, पण कायद्यात कुठे कुठे दारं ठेवली आहेत ते सांगण्याचेच मला पैसे मिळतात. एकाच वर्षी, एकाच आठवड्यात, सारखंच उत्पन्न असलेल्या दोघांच्या फायली मी केल्या होत्या. एक नोकरदार, दुसऱ्याची कमाई गुंतवणुकीतून. पहिल्याची फाइल चार पानांची, अर्ध्या तासात संपली, आणि त्यात मला काहीच वाचवता आलं नाही. दुसऱ्याची तीन आठवडे चालली आणि त्याचा कर पहिल्याच्या निम्म्याहून कमी आला. माझी फी अर्थातच उलट्या प्रमाणात होती.

ही दारं कोणी रात्रीतून पाडलेली नसतात. नव्या सवलतीचा मसुदा निघतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, मुदत असते. त्या बैठकांना मी बऱ्याचदा गेलोय. टेबलाभोवती उद्योगांचे प्रतिनिधी असतात, बँकांचे असतात, आमच्यासारखे सल्लागार असतात, आणि प्रत्येकाजवळ आपापली सवलत किती आवश्यक आहे हे सांगणारं टिपण तयार असतं. त्या सवलतीचे पैसे ज्याच्या पगारातून भरून काढले जाणार, त्याच्या बाजूने आलेलं पत्र मी तिथे आजवर दोनदा पाहिलं. दोन्ही निवृत्त शिक्षकांची होती.